अकरावा आणि बारावा

त्या माणसाला थँक यू म्हणायची काय गरज होती?

सकाळपासून डोक्यात हेच चाललंय. सायकलची रेस झाली, मिसळ झाली, दुपारची झोप झाली, संध्याकाळी चेन पुसून तेलही घातलं, तरी तो आवाज जात नाही. "थँक यू हं भाऊ. मस्त ओढलं तुम्ही." पांढऱ्या मिशा, जुनी स्टीलची सायकल, वय साठीच्या आसपास. चेहऱ्यावर हसू होतं म्हणावं तर नव्हतं, नव्हतं म्हणावं तर होतं.

झालं ते एवढंच. जाताना त्र्यंबककडचा चढ काही अंगावर येणारा नाही, पण पुढचा बंच महिरावणीलाच सुटून गेला. पेगलवाडी फाट्यावर वळलो तेव्हा आमच्या पंचेचाळिशीवरच्या गटातले आम्ही दोघंच आसपास. मी आणि मिशीवाले. परतीचा रस्ता उताराचा. त्र्यंबक नाशिकपेक्षा शंभरेक मीटर उंच आहे, त्यामुळे आता काय, नुसतं बसून राहायचं, असं न चालवणाऱ्याला वाटतं. पण डिसेंबरातला सकाळचा वारा नेमका समोरून येतो. ईशान्येचा, गारठलेला. उतारावर पॅडल थांबवलं तरी सायकल मरगळते. मी पुढे वारा अंगावर घेत होतो, ते माझ्या चाकाला चिकटून आडोशाला. मी पुढेच राहिलो. अंजनेरी उजव्या हाताला आली तेव्हा कोपर हलवून खूण केली, की या आता, थोडं तुम्ही ओढा. काही नाही. तळेगावजवळ परत कोपर. काही नाही. शेवटी मान वळवून तोंडाने म्हणालो, "काका, या की पुढे." तर म्हणतात कसे, "चाललंय की छान!"

छान कुणाचं चाललं होतं, ते सांगायला नको.

पिंपळगाव बहुल्याच्या अलीकडे फिनिशची कमान दिसली आणि शेवटच्या दोनशे मीटरला ते माझ्या उजवीकडून निघून गेले. शांतपणे. धापसुद्धा ऐकू आली नाही. ते अकरावे, मी बारावा. बरं, अकराव्याला काही मिळतं का? काही नाही. मेडल दोघांना सारखंच, केळंही एकेकच. म्हणजे भांडावं तर भांडण्यासारखंही काही नाही. आणि मग ते थँक यू.

गणित मला येत नाही असं नाही. वारा वेगाच्या वर्गाच्या हिशोबाने विरोध करतो. ताशी तीसने जाताना समोरून पंधराचा वारा असेल तर अंगावर पंचेचाळीसचा येतो. मागे चिकटलेल्याची मेहनत पाव ते तृतीयांश वाचते. म्हणजे त्र्यंबक ते पिंपळगाव मी त्या गृहस्थांना जवळजवळ खांद्यावर बसवून आणलं. आणि कमानीपाशी उतरून ते म्हणाले, थँक यू.

ही म्हणाली, "चांगला माणूस आहे की! आभार मानले." हीच तर पंचाईत आहे. कुत्सितपणे म्हणाले असते तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो.

खरं तर मी बीआरएमचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर पार करायच्या राइडचा माणूस. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास, वेळेत या, बास. तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो. तिथे समोरून वारा सुटला की जो दमदार असेल तो पुढे होतो, मागचे चाकाला चाक लावतात, आणि पुढच्या चहाच्या टपरीवर त्याच्या चहाचे पैसे कुणीतरी देऊन टाकतं. पुढे राहण्यात तिथे एक मान आहे. रेसमध्ये पुढे राहण्याला काय म्हणतात, ते आज कळलं. आमचे डॉक्टर मित्र तर मला फोनवर हसलेच. "अहो, रेस होती ना ती? मग?"

मग काय. गेल्या महिन्यात ऑफिसात जे झालं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. ही म्हणते आहे. असो. तो विषय इथे नको.

2015 साली महाजन बंधूंनी रेस अॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली, तेव्हापासून आमच्या नाशकात ज्याच्या त्याच्या अंगात सायकल आली. माझ्याही. दोघा भावांनी आळीपाळीने चालवत अख्खी अमेरिका पार केली. आळीपाळीने! मला अंजनेरी ते महिरावणी एवढीसुद्धा मागे बसायची पाळी मिळाली नाही. (ते सख्खे भाऊ होते, हे मान्य. आमची ओळख पेगलवाडी फाट्याची.)

पण गुडघा शेकत बसलो असताना एक गोष्ट आठवली आणि एकटाच हसलो. मागे कुणी चिकटून असलं की पुढच्यालाही थोडा फायदा होतो. पुढच्या माणसाच्या पाठीमागे हवेची जी पोकळी तयार होऊन त्याला मागे खेचते, ती मागच्या सायकलमुळे जराशी भरून निघते. किती? फार तर दोन-तीन टक्के. पण होतो. म्हणजे हिशोबाने मीही त्यांना थँक यू म्हणायला हवं होतं. दोन-तीन टक्के आवाजात.

शिवाय, ते मागे होते म्हणून मी तशी चालवली, हेही आहेच. एकटा असतो तर तळेगावला हात वर करून बसलो असतो, चहा घेतला असता. स्ट्राव्हावर, म्हणजे राइड नोंदवायच्या अॅपवर बघतोय, त्या पट्ट्यातला माझा आजवरचा सगळ्यात चांगला वेळ आहे. समोरून वारा असताना! म्हणजे मी नेमकं चिडायचं कशावर? चिडायचं तर आहेच.

आणि आताच, रात्री साडेनऊला, स्ट्राव्हावर त्यांची रिक्वेस्ट आली. प्रोफाइलच्या फोटोतही त्याच मिशा. खाली कॉमेंट : "भाऊ, पुढच्या रविवारी गंगापूर डॅमला येता का? वारा असतो तिकडे."

येतो म्हणालोय. या वेळी मी मागे बसणार. ते बसू देतील असं वाटत नाही.