आमची वाटचाल : बांधावरच्या विहिरीपासून कॉलनीतल्या बोअरपर्यंत

जळगावहून गिरणेकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, निमखेडी शिवारात, 1994 साली मोटार रिवायंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देण्याचे, आमचे दुकान सुरू झाले, तेव्हा समोर कापूस, मागे केळीची बाग आणि जवळपास प्रत्येक शेतात विहीर होती. तीन फेजपैकी एक गेला की पाच एचपीची मोटार जळायची आणि सकाळी दुकान उघडण्याआधीच ती बैलगाडीतून दारात आलेली असायची. केळीला पाण्याचा खंड सोसत नाही, म्हणून जळालेली तार काढून, तांब्याच्या नव्या तारेची वेटोळी भरून आणि वार्निश वाळवून आम्ही ती शक्यतो दुसऱ्या दिवशी परत देत असू. पैसे मात्र कापूस विकल्यावर मिळत. वहीतली ती उधारी क्वचितच बुडाली.

पुढे 2003 साली जळगावची महानगरपालिका झाली, शहर वाढत गेले आणि एकराने मोजली जाणारी आमच्या भोवतालची जमीन बिगरशेती होऊन गुंठ्याने विकली जाऊ लागली. आमचे काम घटले नाही, उलट वाढले, हे मान्य केले पाहिजे. आज दुकानात येतात त्या बहुतेक मोटारी एक-दीड एचपीच्या, बोअरमध्ये पाण्याखाली बुडून चालणाऱ्या सबमर्सिबल असतात.

शेताचे प्लॉट पाडून विकणाऱ्या एका लेआउटवाल्याने आम्हाला जुन्या विहिरीतला पंप काढायला बोलावले होते. ज्या आबांची ती विहीर, त्यांची मोटार आम्ही सात वेळा भरली होती. पंप वर आला, साखळी गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी डंपरने मुरूम ओतून विहीर बुजवली गेली. तो पंप आमच्याच हातांनी निघाला, हे अजून सलते. आमच्याकडे मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण आहे. पावसाचे पाणी वरच्या मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून झिरपते, आणि वरून काँक्रीट घातले की त्याची वाटच बंद होते. नंतर त्याच प्लॉटांवर बोअर कोरडे लागले, तेव्हा लोक पंपाला दोष देत आमच्याकडे येऊ लागले.

तेव्हापासून विहीर बुजवण्यासाठी पंप काढण्याचे काम आम्ही घेत नाही. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 700 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे 65 हजार लिटर पाणी होते; हा हिशेब आम्ही प्रत्येक सोसायटीला कागदावर मांडून दाखवतो. आतापर्यंत तीन सोसायट्यांनी जुनी विहीर राखून, खडी-वाळूच्या गाळणीतून गच्चीचे पाणी तिच्यात सोडले आहे. त्यांतल्या एका विहिरीचा दगडी कठडा आबांच्या नातवाने स्वतः उभे राहून बांधून घेतला.