टॅरँट्युलासाठी किडे वाढवताना

त्या रात्री चूक माझीच होती. माझी टॅरँट्युला, म्हणजे पाळलेली मोठी केसाळ कोळीण, दोन आठवडे काही खात नव्हती आणि पोटावरचा केस झडलेला भाग काळाभोर, तुकतुकीत दिसत होता. ही कात टाकायची तयारी होती. मला वाटलं, तिला भूक लागली असेल. म्हणून संध्याकाळी एक रातकिडा आत सोडला आणि झोपले. सकाळी पाहते तर ती जाळ्याच्या गादीवर उताणी, निम्मी कातेबाहेर आलेली आणि रातकिडा तिचा मागचा पाय कुरतडतोय. त्या अवस्थेत कोळ्याचं अंग मऊ असतं, त्याला प्रतिकार करताच येत नाही. चिमट्याने किडा काढला. ती वाचली, पाय मात्र गेला. पुढच्या काती टाकताना तो परत फुटला, आधी काडीसारखा बारीक, मग हळूहळू बाकीच्यांच्या बरोबरीचा.

तेव्हापासून कुठलाही किडा निवडताना मी आधी एकच बघते: हा रात्रभर आत राहिला तर कोळ्याला इजा करेल का?

रातकिड्यांचा एक गुण मान्य करायलाच हवा. ते सतत हलतात, त्यामुळे लाजाळू कोळीसुद्धा झडप घालतो. पण सांभाळायला ते फार नाजूक. उघड्या वाटीत पाणी ठेवलं तर बुडून मरतात, गर्दी झाली की एकमेकांना खातात, डबा दोन दिवस साफ केला नाही तर वास सुटतो, आणि नर रात्रभर किरकिरतात. चार महिन्यांत मी ते बंद केले.

मीलवर्म, म्हणजे एका भुंग्याच्या अळ्या, त्यामानाने फारच सोपे. पसरट डब्यात कोंडा आणि ओट्स, वर गाजराची चकती, बस्स. अळी, कोष, भुंगा, अंडी हे चक्र आपोआप चालू राहतं. कोळ्याच्या पिल्लांसाठी तर मला याहून चांगलं काही सापडलं नाही. सेंटीमीटरभर पिल्लाला अख्खी जिवंत अळी झेपत नाही, म्हणून अळीचा छोटा तुकडा बिळाच्या तोंडाशी ठेवते. रात्रीत ते येऊन चोखतं. उरलेलं दुसऱ्या दिवशी उचलायचंच, नाहीतर बुरशी धरते. मोठ्या कोळ्याला अख्खी अळी देताना मात्र आधी तिचं डोकं चिरडते. जिवंत सोडली तर क्षणात मातीत शिरते आणि काही आठवड्यांनी तिथूनच भुंगा बाहेर येतो. सुपरवर्मचे, म्हणजे अशाच पण मोठ्या अळ्यांचे, जबडे तर चांगलेच मजबूत असतात, तिथे हे विसरून चालत नाही.

शेवटी मी स्थिरावले डुबिया झुरळांवर. गुळगुळीत प्लॅस्टिकवर ती चढत नाहीत, उड्या मारत नाहीत, आवाज नाही, वास जवळजवळ नाही. वीस माद्या आणि पाच नर घेऊन सुरुवात केली. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावले, म्हणजे विष्ठा खाली पडते. पहिले तीन महिने एकही पिल्लू नाही! कारण डबा थंड होता. या झुरळांना ३० अंशांच्या आसपास ऊब लागते. डब्याच्या बाजूला थर्मोस्टॅट लावलेला हीट पॅड बसवला आणि दोनेक महिन्यांनी तळाशी तांदळाएवढी पिल्लं वळवळताना दिसली. मादी अंड्यांची पिशवी पोटातच उबवते आणि थेट पिल्लं देते. ती मोठी व्हायला चार ते सहा महिने लागतात, म्हणून पहिली पिढी वाढेपर्यंत वसाहतीतलं एकही झुरळ कोळ्याला द्यायचं नाही. हा संयम मला सगळ्यात जड गेला.

दोन गोष्टी अनुभवाने कळल्या. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने शिंका येतात, डोळे चुरचुरतात. आता मास्क लावल्याशिवाय मी ट्रे हलवत नाही. आणि तळ कधीच पूर्ण रिकामा करत नाही, कारण झुरळांची सगळ्यात लहान पिल्लं त्या विष्ठेच्या भुश्यातच दडलेली असतात.

बाहेर पकडलेले किडे मी देत नाही. त्यांच्यावर कुठलं कीटकनाशक पडलंय हे कळायला मार्ग नाही. शिकारीचा आकार कोळ्याच्या पोटापेक्षा मोठा नको, आणि चोवीस तासांत खाल्ली नाही तर बाहेर.

मागच्या महिन्यात तिने पुन्हा कात टाकली. या वेळी डब्यात पाण्याच्या वाटीशिवाय काही नव्हतं. तिचे विषदंत आधी पांढरे होते, मग लालसर, मग काळे. ते पक्के काळे होईपर्यंत दहा दिवस थांबले. अकराव्या दिवशी डोकं चिरडलेलं, अजून पाय हलवणारं एक मध्यम डुबिया तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने ते आठही पायांनी कवेत घेतलं.