सेट बंद होता तरी वायरमधून 40 अँपिअर वाहत होते

गाडी आली तेव्हा तक्रार एवढीच होती की वायरलेस सेट आता लांबचं बोलत नाही. बचाव पथकाची गाडी, मोबाईलला रेंज नसते अशाच ठिकाणी जाणारी, आणि दरीत उतरलेल्या माणसाचा आवाज वर येतो तो याच सेटवरून. ड्रायव्हर दादा सांगत होते की दोन महिने झाले, ऐकायला येतं पण आपलं समोरच्याला पोचत नाही, दोनदा सेट बदलून बघितला, दुसरा सेट पण चार दिवसांत तसाच. हे ऐकताना माझ्या पोटात कालवाकालव होत होती कारण ती फिटिंग 3 वर्षांपूर्वी मीच केली होती.

आधी अँटेना बघितला. सेट आणि अँटेनाच्या मधे मीटर लावला, माइकचं बटण दाबलं आणि एसडब्ल्यूआर, म्हणजे पाठवलेली पॉवर किती परत येते त्याचं माप, चारच्या वर. चांगल्या फिटिंगला तो दीडच्या आत असतो. एवढा वर गेला की पाठवलेल्या पॉवरचा बराच भाग परत सेटकडेच येतो आणि सेट स्वतःला वाचवायला पॉवर पाडून टाकतो, म्हणजे 50 वॅटचा सेट दिसायला चालू, दिवे लागलेले, स्पीकर बोलतोय, पण बाहेर जातंय अगदीच थोडं. त्यामुळे सेट बदलून काही होणारच नव्हतं.

मग दरवाज्याच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी काढून अँटेनाची केबल बाहेर घेतली. साधी आरजी-58 केबल, 3 मीटर. जिथे मी ती वळवून वर नेली होती तिथे काळं कव्हर चकचकीत आणि चपटं झालेलं होतं. ब्लेडने उभा छेद दिला तर आतलं पांढरं इन्सुलेशन वितळून एका बाजूला सरकलेलं आणि मधली तार बाहेरच्या तांब्याच्या जाळीला जवळजवळ चिकटलेली. माझ्याकडे शिकणारा पोरगा लगेच म्हणाला, "काका, दरवाज्यात दाबली गेली असेल." मला पण क्षणभर तेच बरं वाटलं, म्हणजे केबल बदला आणि गाडी सोडा. पण दाबलेली केबल एकाच जागी खराब होते, ही अख्खी कडक झाली होती, आणि सेटकडच्या कनेक्टरवरचं काळं स्लीव्ह तपकिरी पडलं होतं. दाबल्याने काही तपकिरी पडत नाही, ते उष्णतेचंच काम. आणि 50 वॅटच्या सेटने बोलून बोलून 3 मीटर केबलमधे वाया जाणार किती, सहासात वॅट, ते पण सगळ्या लांबीत वाटलेले आणि बटण दाबलं असेल तेवढाच वेळ. त्याने केबल हाताला कोमट सुद्धा लागत नाही.

पॉझिटिव्हचा 15 अँपिअरचा फ्यूज काढून बघितला. नव्यासारखा.

इथे मी अडकलो. केबल तापलीय, फ्यूज शाबूत आहे, सेट चांगला आहे, मग तापवलं कोणी? चहाच्या वेळेपर्यंत मी तीच केबल हातात घेऊन बसलो होतो, तेवढ्यात मागे दुसरी गाडी घ्यायची म्हणून दादांना म्हटलं जरा पुढे घ्या, आणि त्यांनी सेल्फ मारला तर घर्र… घर्र… करत, दिवे मिणमिणत, तीनचार सेकंद रखडून एकदाची सुरू झाली. मी तिथूनच ओरडलो, "दादा, हा सेल्फ असा कधीपासून?" ते म्हणाले दोन-अडीच महिने, सकाळी तर आठआठ दहादहा सेकंद धरावा लागतो, बॅटरी नवीन टाकली तरी फरक नाही, पण ते दुसऱ्याला दाखवतोय, तुमच्याकडे फक्त वायरलेस. दोन तक्रारी, दोन वेगळे मेकॅनिक, आणि तारीख एकच. मी बॉनेट उघडायला सांगितलं.

बॉडीच्या अर्थिंगची, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला जाणारी केबल वरून चांगली दिसत होती. मल्टिमीटर ओहमवर लावला तर शून्याच्या आसपास, बीप पण वाजली. इथे पुष्कळ जण फसतात म्हणून सांगतो, बीप वाजायला केबलची एक तार शिल्लक असली तरी पुरते, कारण मीटर नखभर करंट सोडून बघतो आणि सेल्फ ओढतो दीडशे-दोनशे अँपिअर. अर्थिंग तपासायचं असेल तर लोड असताना व्होल्टेज बघायचं. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (खुंटीवरच, वरच्या क्लॅम्पवर नाही), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि मग सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला पाहिजे, चांगल्या गाडीत तर 0.2 च्या आसपासच. इथे 2.8 दिसले. सुई इंजिनवरून काढून बॉडीवर ठेवली तर 2.6. म्हणजे इंजिन ते बॉडीची पट्टी ठीक आहे, बॅटरी ते बॉडीची केबलच गेलीय.

गाडी मात्र सुरू होत होती. मग उरलेला करंट परत येत होता कुठून?

मी डीसी क्लॅम्प मीटर आणला, वायरला नुसता बाहेरून अडकवून करंट मोजणारा, सेट बंद केला, पॉझिटिव्हचा फ्यूज पण काढून ठेवला म्हणजे शंका नको, आणि सेटच्या निगेटिव्ह वायरला क्लॅम्प अडकवून दादांना सेल्फ मारायला सांगितला. 40 अँपिअर. परत केलं, 38. पोरगा म्हणाला, "काका, सेट तर बंद आहे ना?" मी काही बोललोच नाही. सेट बंद, फ्यूज बाहेर, आणि त्याच्या निगेटिव्हमधून 40 अँपिअर वाहताना मी 22 वर्षांत पहिल्यांदा बघत होतो.

वाट अशी होती. सेल्फचा करंट इंजिनमधून पट्टीने बॉडीवर येतो आणि बॉडीवरून अर्थिंगच्या केबलने बॅटरीत परत जातो. ती केबल आतून सडल्यावर त्याने दुसरी वाट शोधली. छतावरचा अँटेना बॉडीला घट्ट कसलेला, त्यामुळे तिथून तो केबलच्या बाहेरच्या जाळीत शिरला, जाळीतून सेटच्या बॉडीत, आणि तिथून मी ओढलेल्या निगेटिव्हने थेट बॅटरीच्या खुंटीवर. सेट प्लास्टिकच्या कन्सोलवर बसवलेला, म्हणजे बॉडीशी त्याचा दुसरा काही संबंधच नाही, सगळं ओझं त्या जाळीवर. जाळीत तांबं जेमतेम सव्वा स्क्वेअर एमएम आणि तिच्यातून 40 अँपिअर, रोज सकाळी दहा दहा सेकंद, एकदा नाही सुरू झाली तर लगेच परत. इन्सुलेशन मऊ होणार नाही तर काय. जुन्या गाड्यांत इंजिनची अर्थ पट्टी तुटली की अॅक्सिलरेटरची केबल तापून धरते ते मी पाहिलंय, हे तेच, फक्त अँटेनाच्या केबलवर.

पॉझिटिव्हचा फ्यूज उडायचा प्रश्नच नव्हता, हा करंट त्याच्या वाटेला गेलाच नाही.

आता यात माझं काय चुकलं ते लिहितो. सेटबरोबर येणाऱ्या वायरीत दोन्ही तारांना फ्यूज होल्डर होते. ती लांबीला कमी पडली म्हणून मी 4 स्क्वेअरची नवी जोडी ओढली, जाणारी 4 मीटर आणि येणारी 4 मीटर, सेट बोलताना ओढतो त्या 12 अँपिअरला व्होल्टेज पडतं फक्त 0.4, दीड स्क्वेअरची असती तर व्होल्टच्या वर पडलं असतं आणि बटण दाबलं की सेट धापा टाकतो. या कामाचा मला अभिमान होता. सिगरेट लायटरच्या सॉकेटवरून सेट चालवणारे मी पुष्कळ बघितलेत, तसलं काम मी कधी केलं नाही. पण नव्या जोडीत फ्यूज टाकला तो फक्त पॉझिटिव्हला. निगेटिव्ह बॅटरीच्या खुंटीवर थेट न्यायची हे वस्तादांनी शिकवलेलं, अल्टरनेटरची शिट्टी स्पीकरमधे येत नाही म्हणून. आणि थेट नेलीस तर तिला पण फ्यूज दे, हे पण त्यांनीच सांगितलेलं. मी विचार केला की निगेटिव्ह तर बॉडीच, तिला शॉर्ट व्हायचंय काय, आणि एक होल्डर वाचवला. तिथे 15 चा फ्यूज असता तर 40 अँपिअरला उडाला असता, केबल वितळलीच नसती.

दादांना मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले मागच्या महिन्यात आमचा एक जण खाली होता, पाय मोडलेल्या माणसाजवळ, त्याचं आम्हाला ऐकू येत होतं, आमचं त्याला नाही, पाऊण तास. माणूस वर आला, सुखरूप आला. पण तो पाऊण तास माझ्या डोक्यातून जात नाही.

काम संध्याकाळपर्यंत चाललं. अर्थिंगची जुनी केबल काढून लगवरचं (टोकाच्या धातूच्या कडीवरचं) स्लीव्ह कापलं तर आत हिरवी पावडर, ओढल्यावर केबल लगमधून हातात आली, पाचसहा तारा तेवढ्या धरून होत्या. नवी 35 स्क्वेअरची केबल टाकली, बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, स्टार वॉशर घातला, कसल्यावर वरून पेट्रोलियम जेली. सेल्फ मारून मोजलं, 0.18 व्होल्ट, आणि गाडी अर्ध्या सेकंदात सुरू.

सेटची निगेटिव्ह या वेळी खुंटीवर नेली नाही. बॅटरीची अर्थिंग बॉडीला जिथे कसली आहे त्याच जागेजवळ नेली. आता ती मोठी केबल कधी गेली तर गाडी जागची हलणार नाही, पण त्यासाठी सेटच्या वायरला सेल्फचं ओझं वाहायला लागणार नाही. शिवाय नव्या बऱ्याच गाड्यांत निगेटिव्ह खुंटीवरच सेन्सर बसवलेला असतो, तो बॅटरीत किती गेलं आणि किती निघालं ते मोजतो, सेटची निगेटिव्ह सेन्सर सोडून थेट खुंटीवर नेली तर त्याचा हिशोबच चुकतो, त्यामुळे बॉडीवरची जागाच बरी. पॉझिटिव्हचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, कारण बॅटरी ते फ्यूज एवढ्या वायरला राखणारं कोणी नसतं. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट. अँटेनाची केबल नवी, या वेळी वळण मोठं ठेवलं. शिट्टीची भीती होती म्हणून इंजिन चालू ठेवून अॅक्सिलरेटर वरखाली करत बराच वेळ ऐकलं, काही नाही. बटण दाबल्यावर सेटजवळ 13.3 व्होल्ट, एसडब्ल्यूआर 1.3. दादांनी हाक दिली, पलीकडून लगेच उत्तर आलं, "आवाज एकदम क्लिअर," आणि दादांनी उगाचच अजून दोन वेळा विचारलं.

त्या रात्री मी जुन्या वह्या काढल्या. निगेटिव्ह खुंटीवर आणि तिला फ्यूज नाही अशा माझ्या हातच्या 11 गाड्या निघाल्या. सकाळी एकेकाला फोन लावला, गाडी घेऊन या, पैसे लागणार नाहीत, एक वायर बघायचीय. पहिली दुपारीच आली. मालक म्हणत होते आमचा सेट एकदम मस्त चाललाय हो. सुई खुंटीवर ठेवली, दुसरी बॉडीवर, आणि त्यांना सेल्फ मारायला सांगितला. 0.9 व्होल्ट.

मी पाना घेतला आणि पोराला म्हटलं, 35 स्क्वेअरची केबल काप.