फ्लॉरेन्समधला सोमवार

सोमवारी फ्लॉरेन्समध्ये गट असणं हे टूर मॅनेजरसाठी संकटच. उफिझी कलादालन बंद, मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे उभा आहे ते अकादेमियाही बंद. ‘फ्री टाइम’ जाहीर केला की अर्धा गट लेदर मार्केटमध्ये जातो आणि उरलेला अर्धा ‘आता काय?’ म्हणून माझ्याकडे बघत बसतो. त्या दिवशी या उरलेल्या मंडळींना मी म्हटलं, “चला, इथल्या चमत्कारिक गोष्टी बघू. पण मी फार बोलणार नाही.”

न बोलण्यामागे नम्रता नव्हती, दंडाची भीती होती. इटलीत परवानाधारक स्थानिक गाइडखेरीज दुसऱ्या कोणी स्थळाची माहिती देत गट फिरवला तर दंड होतो. जे सांगायचं ते आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर.

सुरुवात वाइनच्या खिडक्यांपासून केली. जुन्या वाड्यांच्या भिंतीत देवळीएवढी कमानदार खिडकी असते, एक बाटली जेमतेम बाहेर येईल इतकी. सरदार घराणी आपल्या मळ्यातली वाइन इथूनच थेट गिऱ्हाइकाला विकत. १६३०च्या प्लेगात या खिडक्यांमुळे शिवाशिव टळली आणि २०२०मध्ये काही खिडक्या त्याच कामासाठी पुन्हा उघडल्या. एका काकूंनी आत हात घालून “चहा मिळेल का?” विचारलं. फोटो भरपूर निघाले.

पुढचं ठिकाण फसलं. म्युझिओ गॅलिलिओमध्ये काचेच्या अंड्यात गॅलिलिओच्या उजव्या हाताचं मधलं बोट ठेवलंय. १७३७मध्ये त्याचे अवशेष सांता क्रोचे चर्चमधल्या नव्या थडग्यात हलवताना ते काढून घेतलं गेलं. ज्या दुर्बिणींतून त्याने आकाश पाहिलं त्याही त्याच संग्रहालयात आहेत, पण बोट पाहिल्यावर दुर्बिणींकडे कोण बघतो! “शी! हे कशाला दाखवलंत मॅडम?” खरं सांगायचं तर मला ते बोट आवडतं. चर्चने ज्याला गप्प केलं, त्याचेच अवशेष संतांच्या अस्थींसारखे जपायचे, ही या शहराची गंमत.

दुपारी ट्रामने कशीने बागेकडे निघालो. बाग आर्नो नदीच्या काठाने तीनेक किलोमीटर पसरलेली, आणि मला दाखवायचं होतं ते नेमकं शेवटच्या टोकाला. गुडघेवाल्यांना ट्रामस्टॉपजवळच बाकावर थांबा म्हटलं. कोल्हापूरचे एक काका मात्र काठी टेकत पुढे निघाले. “लांब हाय म्हणून काय झालं? राजाराम कॉलेजात शिकलोय मी. न्हाई गेलो तर गावात काय सांगू?”

मुग्नोने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते, तिथे एक घुमटीसारखी छत्री आहे. छत्रीखाली पगडी घातलेल्या तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. पुढे हायवेवर असतो तसा केबलचा मोठा पूल. त्याचं नाव पोंते अल्लिन्दियानो, म्हणजे ‘भारतीयाजवळचा पूल’. ते या पुतळ्यावरूनच पडलंय.

माझं तोंड बंद, पण काकांचं उघडलं.

“शिवरायांचे राजाराम न्हवं हे, आधीच सांगतो. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम. १८७०ला विलायतेला गेले. परत येताना इथं आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला वारले. वय इनमिन वीस. रोजची डायरी लिहायचे, इंग्रजीत. ती मागनं १८७२ला छापली.” त्या वेळी फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती आणि दहनाला परवानगी नव्हती. ती खास मिळवावी लागली. संगम हवा म्हणून ही जागा निवडली आणि रातोरात अंत्यसंस्कार झाले, हे सगळं काका काठीने जागा दाखवत सांगत होते. “पंचगंगेच्या घाटावर राजघराण्याच्या समाध्या हाईत न्हवं? तसंच हे.”

स्मारक १८७४चं. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, आराखडा मेजर मँटचा. मँटचं नाव ऐकून काका थबकले. “आमचा न्यू पॅलेस बांधला तोच की!” हे मलाही ठाऊक नव्हतं.

एवढ्यात सायकलवरचं एक इटालियन जोडपं थांबलं. रोज इथून जाणारी माणसं, पण हा ‘इन्दियानो’ कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग काकांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, कोल्हापुरी मराठीत, मधूनमधून इंग्रजी पेरत. मी दुभाषी. दंडाचा विचार तेव्हा मनात आला नाही. त्या बाईंनी विचारलं, त्यांच्या आईला कधी कळलं? काकांनाही उत्तर देता आलं नाही.

मग चपला काढायच्या की नाही यावर थोडी चर्चा झाली. काकांनी काढल्या, म्हणून सगळ्यांनी काढल्या. गवत ओलं होतं, मोजे भिजले.

पुढच्या टूरपासून हे ठिकाण कार्यक्रमात घ्या, असं मी ऑफिसला लिहिलं. उत्तरात दोनच प्रश्न आले: बस कुठपर्यंत जाते आणि टॉयलेट कुठे आहे? बसचं अजून शोधतेय.