बाळाचा ऑक्सिजन 100 का करत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एनआयसीयूबाहेर, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर, बसलेली मंडळी, त्यातही आजी-आजोबा, मला हमखास विचारतात, "डॉक्टर, कोविडमध्ये आमचा ऑक्सिजन 94 च्या खाली गेला की धावाधाव व्हायची. बाळाचा 91 दिसतोय आणि सिस्टर उलट नॉब कमी करतायत. असं कसं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. बाळाला लागतो तेवढा ऑक्सिजन आम्ही देतोच, पण त्याहून जास्त द्यायला मी तयार नसते.

मोठ्या माणसाला शुद्ध ऑक्सिजन सलग दिला तर दिवसभरातच छातीच्या मधोमध दुखू लागतं, खोकला येतो. प्रयोगशाळेत प्रौढ उंदीर जवळपास 100 टक्के ऑक्सिजनमध्ये ठेवले, तर साधारण तीन दिवसांत फुप्फुसात पाणी भरून मरतात. त्याच हवेत नुकती जन्मलेली पिल्लं मात्र आठवडाभरही तग धरतात. संशोधक ली फ्रँक आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये याचं एक कारण दाखवलं: जादा ऑक्सिजनमुळे तयार होणारे घातक रेणू निकामी करणारी एन्झाइम्स पिल्लांची फुप्फुसं झपाट्याने वाढवतात. प्रौढांना ते साधत नाही. गिनिपिगच्या पिल्लांनाही साधलं नाही, म्हणजे सगळ्याच नवजातांना हे वरदान नसतं.

यावरून बाळं चिवट असतात असं वाटेल, आणि तिथेच फसगत होते. जगलेल्या पिल्लांची फुप्फुसं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, की वायुकोश, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्या, थोडेच आणि मोठाले दिसतात. एका मोठ्या खोलीत भिंती घालून लहान खोल्या पाडाव्यात, तसे वायुकोश तयार होतात. प्रत्येक भिंतीबरोबर नव्या केशवाहिन्या वाढतात. जादा ऑक्सिजनमध्ये हे बांधकामच थांबतं. प्रौढाचं फुप्फुस बांधून झालेलं असतं, त्याला इजा होते ती तयार भिंतींना. बाळाच्या भिंती उभ्याच राहात नाहीत.

पूर्ण दिवसांच्या बाळाकडेही जन्मताना काही कोटीच वायुकोश असतात. मोठेपणी ते तीस कोटींच्या पुढे जातात. यातली बरीचशी वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांत होते. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं तर बांधकाम जेमतेम सुरू झालेलं असतं, आणि ती संरक्षक एन्झाइम्स गर्भात शेवटच्या आठवड्यांतच वाढतात. शिवाय पोटात असताना त्याच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब आपल्या साधारण एक तृतीयांशच होता. त्याला आपण एकदम 100 टक्क्यांत ठेवायचं? अशा बाळांच्या फुप्फुसांच्या दीर्घ आजाराचं वर्णन स्टॅनफर्डच्या विल्यम नॉर्थवे यांनी 1967 मध्येच केलं होतं. व्हेंटिलेटरचा दाब आणि जादा ऑक्सिजन, दोन्हीकडे तेव्हापासून बोट दाखवलं जातं.

म्हणून ऑक्सिजनवरच्या कमी दिवसांच्या बाळाचा मॉनिटरवरचा आकडा, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, आम्ही 90 ते 95 मध्ये ठेवतो. त्याहून खाली ठेवणंही बरं नाही. 85 ते 89 मध्ये ठेवलेल्या बाळांत मृत्यू जास्त झाले, हे मोठ्या चाचण्यांत दिसलंय. त्यामुळे काचेच्या पेटीशेजारी उभी असलेली सिस्टर मॉनिटरवर 97 दिसताच बाळाला दिल्या जाणाऱ्या हवेतला ऑक्सिजन 35 टक्क्यांवरून 32 करते, थांबते, आकडा बघते, मग 30 करते. मॉनिटरवरचा आकडा 88 झाला की ऑक्सिजन पुन्हा वाढवते. रात्रभर हेच चालू असतं, आणि या कामाचं मोल बाहेर कुणाला दिसत नाही याचं मला वाईट वाटतं.

डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्याही याच काळात वाढत असतात आणि जादा ऑक्सिजनने त्याही बिघडतात. बाळ 34 आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा वजन दोन किलोपेक्षा कमी असेल, तर जन्मापासून चार आठवड्यांच्या आत पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. बाळ घरी गेलं असेल, चांगलं दूध पीत असेल, तरीही. डिस्चार्जच्या कागदावर ती तारीख नसेल तर तिथेच मागून घ्या.