आमची वाटचाल : भाज्या काय, कोणीही शिजवतं

कुत्र्यासाठी भाज्या शिजवायला अक्कल लागत नाही. तांदूळ, मसूर, भोपळा, गाजर मऊ शिजवा, वर चमचाभर तेल घाला. कुत्रं वाडगं चाटूनपुसून लख्ख करील आणि तुम्हाला वाटेल, जमलं! आमचा धंदा या 'जमलं'च्या पुढे सुरू होतो.

कुत्र्याला घरी शाकाहारी अन्न शिजवून घालणाऱ्यांना आम्ही विकतो ती एक डबी आणि एक कागद. डबीत प्रीमिक्स, म्हणजे अन्नात कालवायची पोषकद्रव्यांची पूड: कॅल्शियम कार्बोनेट, जस्त, तांबं, आयोडीन, सेलेनियम, मिथिओनीन आणि टॉरिन ही अमिनो आम्लं, बी१२, डी जीवनसत्त्व आणि बाकीची मंडळी. कागदावर त्या कुत्र्याच्या वजनाला आणि वयाला बसवलेली पाककृती. शिजवायचं श्वानपालकांनी, आपापल्या घरी. पाककृती पशुवैद्यक आहारतज्ज्ञ बसवून देतात. त्यांची फी आम्ही पहिल्या बॅचपासून देत आलो. या धंद्यात उतरणाऱ्यांनी काटकसर हवी तिथे करावी, इथे करू नये.

सुरुवात कशी झाली हे विचारणाऱ्यांना मी २०१३ साल सांगतो. त्या वर्षी कुत्र्यांच्या आहाराबद्दल दोन संशोधनं छापून आली. पहिलं जनुकांचं. लांडग्यात पिष्ट पचवणाऱ्या 'एएमवाय२बी' या जनुकाच्या दोन प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. म्हणजे माणसाच्या उष्ट्यावर वाढता वाढता कुत्र्याचं पोट बदललं. ही बातमी सगळ्यांनी वाचली, आणि 'बघा, कुत्रा शाकाहारी होऊ शकतो' म्हणून एकमेकांना पाठवली. दुसरं संशोधन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांचं. त्यांनी पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या घरगुती श्वानआहाराच्या २०० पाककृती तपासल्या. ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक पोषकद्रव्य कमी पडत होतं. आणि यातल्या बहुतेक मांसाच्या होत्या, बरं का. हे कोणी वाचलं नाही. आमची डबी या दुसऱ्या संशोधनावर उभी आहे.

पहिली काही वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखा आहे तो काटा. मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा, चारी बाजूंनी काचेची पेटी असलेला. श्वास जोरात सोडला तरी आकडा हलतो. त्याच्या टेबलाला कोणी टेकलं तर मी ओरडतो, हे आमच्याकडे आलेल्या प्रत्येक नव्या पोराने अनुभवलंय. सेलेनियम कुत्र्याला मायक्रोग्रॅममध्ये लागतं, आणि पुरेसं व विषारी यातलं अंतर फार नाही. एवढीशी पावडर थेट मोठ्या ड्रममध्ये टाकली तर एका डबीत सगळी जाईल आणि शंभर डब्या कोऱ्या राहतील. म्हणून आधी तिच्या वजनाइतकीच वाहक पावडर, म्हणजे नुसती भर घालणारी साधी पूड, घेऊन खलात घोटायची. तयार झालेल्या मिश्रणाइतकी पावडर पुन्हा घालायची, पुन्हा घोटायचं. असं दुपटी-दुपटीने वाढवत नेऊन मग चाळणी आणि मग व्ही आकाराचा, फिरत फिरत मिश्रण ढवळणारा ड्रम. ड्रम थांबला की वरून, मधून, तळातून नमुने काढायचे आणि तिन्ही प्रयोगशाळेत पाठवायचे. तिघांचे आकडे जुळले तर लॉट बाहेर जातो. कंटाळवाणं काम आहे. आमचं सगळं कसब त्यातच आहे.

आमच्या सगळ्यात जुन्या ग्राहक एक निवृत्त शिक्षिका आहेत. आम्ही त्यांना बाई म्हणतो. त्यांचा ठिपक्या, डाल्मेशियन, नर. या जातीचं दुखणं माहीत असणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. यांच्या यकृतात यूरिक आम्लाचं पुढचं रूपांतर नीट होत नाही, ते लघवीत उतरतं आणि खडे धरतात. नराची मूत्रनलिका अरुंद, एखादा खडा अडकला की लघवी तुंबते आणि जीव धोक्यात येतो. ठिपक्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी प्युरिन (ज्यापासून यूरिक आम्ल बनतं ते अन्नातलं द्रव्य) कमी करायला सांगितलं, खाण्यातलं काळीज-मूत्रपिंड एकदम बंद. वनस्पतींच्या आहाराने लघवीचा सामू वर जातो, म्हणजे तिची आम्लता कमी होते. हेच इतर कुत्र्यांत कधीकधी स्ट्रुवाइट या दुसऱ्या प्रकारच्या खड्यांना निमित्त होतं, पण यूरेटच्या, म्हणजे यूरिक आम्लाच्या खड्यांना आम्लता लागते, तेव्हा ठिपक्याला ते पथ्यावर पडलं. बाई रोज सकाळच्या पहिल्या लघवीत सामू मोजायची पट्टी बुडवायच्या आणि रंग तक्त्याशी लावून आकडा वहीत लिहायच्या. सातच्या खाली गेला की आम्हाला फोन, साडेसातच्या वर गेला तरी फोन. (घरी शिजवून घालणाऱ्या प्रत्येकाने या पट्ट्या आणून ठेवाव्यात. कुत्र्याला काही होत नसलं तरी.)

मग २०१८चा जुलै आला.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केलं की काही कुत्र्यांमध्ये हृदयाचा स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याचा आजार, डीसीएम, आढळतोय, आणि ती कुत्री वाटाणा, मसूर, इतर कडधान्यं किंवा बटाटा मुख्य असलेलं खाद्य खात होती. तो आजार सहसा न होणाऱ्या जातींचीही कुत्री त्यात होती. नोंदलेल्या प्रकरणांतलं बहुतेक खाद्य धान्यविरहित कोरडं होतं. आमच्या पाककृतींत तांदूळ आणि ओट होते, मिथिओनीन आणि टॉरिन मोजून होतं. पण लोकांनी वाचला तो एकच शब्द, मसूर. दुकानदारांनी माल परत पाठवला. आगाऊ घेतलेला कच्चा माल गोदामात, आणि जीवनसत्त्वांना मुदत असते, ती कोणासाठी थांबत नाही.

या घबराटीत आमचाच माल उचलणारा एक वितरक पुढे सरसावला. आमची बिलं त्याच्याकडे थकलेलीच होती (वितरकाला उधारी देऊ नका, तो कितीही गोड बोलो). त्याने स्वतःची डबी काढली. आत वाळवलेल्या भाज्या आणि पाल्याची पूड, बाहेर 'शंभर टक्के नैसर्गिक, रसायनं नाहीत'. जाहिरातीत आमचं नाव न घेता लिहिलं, 'काहींच्या डबीतलं मिथिओनीन कारखान्यात बनतं'. बनतं की! बी१२सुद्धा टाकीत जिवाणू वाढवूनच काढतात, कारण ते कुठल्याही भाजीत नाही, जिवाणूच ते करतात. कडधान्यात मिथिओनीन तोकडं पडतं आणि कुत्र्याचं शरीर टॉरिन बनवतं ते मिथिओनीन आणि सिस्टीनमधून. म्हणजे ज्या भीतीवर तो डबी विकत होता, त्या भीतीवरचा उपायच त्याने डबीतून काढून टाकला होता. हे मी प्रत्येकाला सांगत सुटलो. ऐकणारा म्हणायचा, 'पण त्यांचं नैसर्गिक आहे ना?'

त्याने पुढे पिल्लांसाठीही डबी काढली. आम्ही पिल्लांचं प्रीमिक्स कधी विकलं नाही, विकणार नाही. डाळभातात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. दोन्हींचं प्रमाण उलटलं की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. त्या डबीवर वाढणारं मोठ्या जातीचं एक पिल्लू घेऊन एक गृहस्थ आमच्याकडे आले. ते मागच्या पायांवर उभं राहताना कण्हत होतं. एक्स-रेत हाडं इतकी फिकट की शेजारच्या मांसापासून वेगळी ओळखू येईनात. मी त्यांना सांगितलं, आमचं काही घेऊ नका, डॉक्टर सांगतील ते वाढीचं संपूर्ण खाद्य सुरू करा, मांसाचं असलं तरी. ते आमच्यावरच चिडले. तत्त्वाची माणसं होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस डी जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर पडल्यामुळे अनेक ब्रँडांचं कोरडं श्वानखाद्य अमेरिकेच्या बाजारातून परत मागवलं गेलं. मिश्रणात हलगर्जी झाली की काय होतं याचा याहून मोठा पुरावा नको होता. आमच्या काट्याची किंमत आता तरी लोकांना कळेल असं वाटलं. उलट झालं. 'पावडर' या शब्दाचीच लोकांनी धास्ती घेतली. शेवटी आम्ही व्ही ड्रम विकायला काढला. तो बघायला गिऱ्हाईक येऊन गेलं, सौदा जवळपास ठरला होता.

तेव्हा बाईंनी फोन केला. म्हणाल्या, 'हे बघ, ठिपक्याच्या वर्षभराच्या प्रीमिक्सचे पैसे आत्ताच पाठवते. माल मात्र सगळा आत्ता देऊ नको, खराब होईल. पण ड्रम विकलास तर पुढचं कशात ढवळणार?' पैशांपेक्षा त्यांनी केलेली दुसरी गोष्ट मोठी. हृदयतज्ज्ञ पशुवैद्यांकडून ठिपक्याचा इको (हृदयाची सोनोग्राफी) काढून घेतला आणि तो अहवाल, लघवीच्या वहीच्या प्रतींसकट, ओळखीच्या प्रत्येक श्वानपालकाला धाडला.

त्यावरून आम्ही ठरवलं. जी कुत्री वर्षाहून अधिक काळ आमच्या पाककृतीवर होती, त्यांच्या इकोचा आणि रक्तातल्या टॉरिनच्या तपासणीचा निम्मा खर्च आम्ही उचलला. खिशात नसताना. सगळे अहवाल निर्मळ आले असं मी म्हणणार नाही. एका म्हाताऱ्या स्पॅनियलच्या हृदयाची झडप गळत होती. तो त्या जातीचा ठरलेला, वेगळा आजार. पण तो अहवालही आम्ही लपवला नाही, आणि माझ्या मते लोक परत आले ते त्यामुळेच. २०१९च्या जूनमध्ये प्रशासनाने ब्रँडांची नावं छापली. नोंदल्या गेलेल्या खाद्यांपैकी ९३ टक्क्यांत वाटाणा किंवा मसूर होता. तेव्हा पुन्हा फोन वाजले, पण या वेळी विचारायला. २०२२च्या डिसेंबरात प्रशासनाने सांगितलं की कार्यकारण ठरवण्याइतका पुरावा हाती नाही, नवं काही अर्थपूर्ण मिळेपर्यंत यावर निवेदनं काढणार नाही. ही बातमी मात्र कोणी एकमेकांना पाठवली नाही.

येणाऱ्यांना आम्ही अजूनही तेच सांगतो. मांजर असेल तर परत जा. मांजराला टॉरिन, अ जीवनसत्त्व, अरॅकिडॉनिक आम्ल बाहेरूनच लागतं, त्याच्यावर हे प्रयोग नकोत. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका भांड्याच्या आसपासही नकोत. जुन्या खाण्यावरून नव्यावर हळूहळू या, आठ-दहा दिवस घ्या. प्रीमिक्स अन्न कोमट झाल्यावर कालवा, शिजताना नव्हे; बी१ उष्णतेला टिकत नाही. वर्षातून एकदा रक्त तपासा. यातलं काही जमणार नसेल तर चांगलं तयार खाद्य घाला, आम्हाला राग नाही.

तो वितरक अजून धंद्यात आहे. मागच्या मोसमात त्याची डबी नव्या रूपात आली. 'नैसर्गिक' बारीक झालंय आणि त्याच्या वर ठळक छापलंय, 'मिथिओनीन व टॉरिनयुक्त'. आमच्या थकलेल्या बिलांचे पैसे अजून आलेले नाहीत. आणि त्याच्या नव्या डबीत मापासाठी एक प्लास्टिकचा चमचा टाकलाय. पावडर दाबून भरली की त्याच चमच्यात किती जास्त बसते ते आपल्या घरच्या काट्यावर एकदा तोलून बघा.