अकरा दहाचा जिना

अकरा दहाची बेल झाली की आमच्या कॉलेजात वरचे वर्ग सुटतात, खालचे भरतात आणि सगळ्यांना जिना एकच. मागचा आहे, पण त्याला कुलूप. मधल्या वळणावर जर्नल उतरवत बसलेली मुलं! "जरा सरका ना" म्हटलं की सरकतात, पुन्हा तिथेच.

काल कुणाच्या तरी सॅकची चेन माझ्या ओढणीत अडकली आणि मी दोन पायऱ्या मागे खेचले गेले. पोटात गोळाच आला. २९ सप्टेंबर २०१७ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, तेव्हा मी शाळेत होते. आई त्याच लाइनने कामाला जायची. तिचा फोन लागेपर्यंत आजी देवापुढून उठली नव्हती.

मागच्या जिन्याचं कुलूप काढा, असा अर्ज लिहिलाय. सह्या गोळा करतेय.